डाव्या खांद्याची रायफल

दुकानाच्या दारातच नवऱ्याने मला बजावलं, "तू काही बोलू नकोस. मी बोलतो. बायकांना बघितलं की हे लोक काहीही गळ्यात मारतात."

उथळ पाण्याला खळखळाट फार, त्यातला प्रकार. यांनी जन्मात बंदूक हातात घेतली ती फुगे फोडण्यापुरती. वर्षभर दर रविवारी रेंजवर जाते ती मी. आठवडाभर शाळेचे गणवेश शिवायचे आणि रविवारी दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा, हा माझा नेम. तरी म्हटलं, होऊ दे यांची हौस.

आता रायफल कशाला, तर आमच्या क्लबचा बायकांचा संघ पुढच्या महिन्यात निवडायचा होता. तिघींचा. क्लबच्या रायफली दहा जणांच्या गालाला लागलेल्या, कुणालाच धड न बसणाऱ्या. म्हणून आम्हाला नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरांचा नियम होता की संघात यायचं असेल तर रायफल स्वतःची आणा. माझे गुण कधी तिसरे, कधी चौथे. मला ती तिसरी जागा हवी होती. कशासाठी, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. कुणाला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हवी होती, बस.

दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने अर्थातच नवऱ्याकडे बघून एक काळीकुळकुळीत रायफल काउंटरवर ठेवली. वर दुर्बीण. "जोर बघा हिचा, साहेब. झाडावरचं पाखरू वाचायचं नाही."

नवरा खूश. त्याने दुर्बिणीतून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं.

"मला पाखरू मारायचं नाही," मी म्हणाले. "कागदाला भोक पाडायचंय. कागद काही उडून जात नाही, त्याला जोर कशाला? आणि दुर्बीण स्पर्धेत चालत नाही. पुढच्या महिन्यात क्लबच्या संघाची निवड आहे, नेमबाजीची दाखवा, सिलिंडरवाली."

दुकानदाराने चष्मा नाकावर घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या कपाटाचं कुलूप काढलं.

ही खरी होती. नळीखाली दाबलेल्या हवेचा सिलिंडर, त्यामुळे छर्रा सुटताना खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. घोडा इतका हलका की मनात आणायचा अवकाश. मागची लाकडी पट्टी खांद्याप्रमाणे मागेपुढे सरकणारी, गालाखालची गादी वरखाली होणारी. कोट शिवताना बाही जशी अंगावर बसवून बघतात, तशी ही रायफल माणसावर बसवून घ्यायची असते. कपड्याचं माप मला कळतं, त्यामुळे ते मला लगेच पटलं.

दुकानाच्या मागे चाचणीसाठी एक लांबट बोळ होता, टोकाला दिव्याखाली कागद लावलेला. मी उजव्या खांद्याला रायफल लावली आणि पाच छर्रे मारले. पाचही काळ्या गोलात, पण पाच जणी भांडून पाच कोपऱ्यांत बसाव्यात तसे.

"चांगलं आहे की," दुकानदार म्हणाला.

"घेऊन टाक," नवरा म्हणाला.

मी कागदाकडे बघत राहिले. वर्षभर मी हाच कागद बघत होते. चुकतं कुठे ते मला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात रेंजवर कुणी नसताना मी क्लबची रायफल डाव्या खांद्याला लावली होती. गादी उलटी, मुठीचा फुगवटा भलत्याच बाजूला, जबडा सोलून निघाला, पण छर्रे एकमेकांना चिकटून बसले. मी मास्तरांना सांगायला गेले. हात दाखवून अवलक्षण. ते म्हणाले, "बाई, लिहिता उजव्याने, कापता उजव्याने. या वयात हात बदलायचं खूळ नको."

उजव्याने लिहिते, कारण लहानपणी आत्या माझा डावा हात रिबिनीने पाठीमागे बांधून मला गिरवायला बसवायची. जेवतानाही बांधायची. वाईट नव्हती ती, माझं भलंच करत होती बिचारी. पुढे रिबीन सुटली आणि हात आपणहून मागे राहायला लागला. त्याचा मला आजही राग येतो, आत्याचा नाही तेवढा त्या हाताचा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"यात डाव्या हाताची मिळते?" मी दुकानदाराला विचारलं.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

नवरा हसला. "अगं, तू कुठे डावरी?"

मी कागद बदलायला सांगितला, रायफल डाव्या खांद्यावर घेतली, डावा डोळा लावला. सुईत दोरा ओवतानाही मी उजवाच डोळा मिटते, ते माझ्या घरात कुणी कधी बघितलं नव्हतं. पाच छर्रे मारले. कागद सरकत जवळ आला तेव्हा त्यावर एकच भोक होतं, जरा वेडंवाकडं, करंगळीच्या नखाएवढं.

नवऱ्याने कागद हातात घेतला. मग माझ्याकडे बघितलं. "हे कधीपासून?"

"जन्मापासून."

दुकानदार मात्र धंद्यातला माणूस. "बाई, याला डाव्या हातचा मळ समजू नका. डाव्या हाताची मागवावी लागेल. निवडीच्या आधी जेमतेम आठवडा हातात मिळेल. सगळी मापं नव्याने लावायची, उभं राहणं नव्याने शिकायचं. इथले पाच छर्रे वेगळे, स्पर्धेतले साठ वेगळे. आणि ती मी परत घेत नाही. डाव्या हाताची दुसरं कोण घेणार?"

"म्हणजे उजव्याची घेतली तर संघात येण्याची आशा आहे," नवरा सावकाश म्हणाला, "आणि डाव्याची घेतली तर कदाचित जागा जाईल."

"हो," दुकानदार म्हणाला.

"मग उजव्याने जमतंय ना तुला? कशाला उगाच?"

"जमतंय," मी म्हणाले. "आजवर सगळं जमवूनच घेतलंय. मला जमवायचं नाहीये, अहो. मला नेम धरायचाय. जागा गेली तर जाऊ दे, पण माझ्या हाताने जाऊ दे."

माझा आवाज चढला होता. ती जागा मला खरोखर हवी होती. पण आता कुणी मला तिथून हलवू शकलं नसतं, मी स्वतःसुद्धा नाही.

दुकानदाराने मागणीचा कागद भरला, माझं ओळखपत्र मागून घेतलं आणि पेन पुढे केलं. मी ते डाव्या हातात धरलं. पहिलीतलं पोर गिरवतं तशी सही झाली. एक अक्षर तर ओळीखालीच घसरलं.

त्याने ओळखपत्र आणि कागद शेजारी शेजारी धरले. "सही जुळत नाही, बाई. ही तुमचीच कशावरून?"

"यांचीच आहे," नवरा घाईने म्हणाला. "मी ओळखतो ना यांना."

"अर्ध्या तासापासून," मी म्हणाले.

नवऱ्याने कागद पुन्हा माझ्यासमोर ठेवला, त्याची वरची कड दोन बोटांनी दाबून धरली, हलू नये म्हणून, आणि म्हणाला, "कर पुन्हा. त्याच हाताने कर."