एका आंघोळीची बावीस मिनिटं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वृद्धाश्रमाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अकरा जणांनी आंघोळीला नकार दिला.

पुढारी मास्तरीणबाई. वय एक्याऐंशी, चाकाच्या खुर्चीत, अंगात कालचाच गाऊन. राग आला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता. गेल्या आठवड्यात आंघोळ घालणाऱ्या मुलीबद्दल अभिप्रायाच्या वहीत त्यांनीच लिहिलं होतं, 'ही मुलगी घाई करत नाही. पाठ, बोटांच्या बेचक्या, सगळं कोरडं पुसते. पूर्ण बावीस मिनिटं देते.' जन्मभर परीक्षेला घड्याळ लावून बसलेल्या बाई. मिनिटं मोजल्याशिवाय कौतुकही करता येत नव्हतं. नियम नऊ मिनिटांचा होता. वही वरिष्ठांकडे गेली आणि काल दुपारी मुलीला कामावरून काढलं.

"आजी, हट्ट नको," व्यवस्थापक म्हणाला.

"मी तुझी आजी असते, तर मला नऊ मिनिटांत धुऊन काढलं असतंस?"

"तिच्यामुळे बाकीचे ताटकळतात."

"कोण ताटकळलं रे?" बंदरावर क्रेन चालवलेले काका दारातून ओरडले. "माझा नंबर शेवटचा. माझी काय बोट सुटत होती?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"तीन मजल्यांना दोन पोरी. माणसं वाढवा की!"

"हल्ली या कामाला पोरं मिळत नाहीत, बाई."

"मिळालेली हाकलतोस आणि वर गळा काढतोस?"

"ठीक आहे. तुमच्या मुलांनाच फोन लावतो," म्हणत तो खाली गेला.

अकरा वाजता त्या मुलीचाच फोन आला. "बाई, माझ्यापायी अंगाला त्रास करून घेऊ नका. मी बघते दुसरीकडे कुठेतरी."

"गप्प बस! आम्हाला उचलून तुझी कंबर मोडत होती, तेव्हा आम्ही तोंड शिवून बसलो होतो. तेवढं पुरे झालं."

दुपारी बाईंच्या मुलाने बजावलं, "आई, तमाशा थांबव, नाहीतर तुला तिथून हलवतो." बाईंनी फोन ठेवून दिला. पलीकडच्या खोलीतल्या दोघांनी मात्र लेकीसुनांचं ऐकून अंग धुतलं.

संध्याकाळी सहापर्यंत नऊ जण तसेच होते. मुलीला परत बोलावलेलं नव्हतं. दोघींतल्या उरलेल्या पोरीला व्यवस्थापकाने आंघोळी उरकायला तिसऱ्या मजल्यावर पिटाळलं होतं. टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून ती जिन्यातच उभी होती. वर आली नव्हती, खालीही गेली नव्हती.