दुसऱ्याचा मी

हेमलताबाईंचा यात फायदा काय, ते आधी पाहू. कर्णबधिर माणसाचे हात वाचून त्या त्याच्या वतीनं मोठ्यानं "मी" म्हणाल्या, की ते वाक्य संपेपर्यंत त्यांना लख्ख ऐकू यायचं. पंख्याची कुरकुर, शेजारच्याचं आवंढा गिळणं, सगळं. एरवी कानाचं मशीन लावूनही ऐकू यायचा तो नुसता गलका; समोरच्याचं बोलणं त्या ओठांवरून ओळखायच्या. तोटा इतकाच, की वाक्यात असेल ते बाईंना लागू व्हायचं.

दवाखान्यात त्या म्हणाल्या, "माझी दाढ ठणकतेय." डॉक्टरांनी बाईंचीच दाढ उपटली, पेशंट हसत घरी गेला. एका लग्नात नवरीच्या वतीनं "मी राजी आहे" म्हणाल्या. नवरदेव आठवडाभर बाईंच्या व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता.

"मग 'हा म्हणतो' असं म्हणा की," बाई शिकवायच्या त्या कर्णबधिरांच्या शाळेतल्या शेवंतामावशी म्हणाल्या.

"आणि मुलांना काय तोंड दाखवू? दुभाष्याचा 'मी' समोरच्याचा असतो, हे जन्मभर शिकवलंय मी."

'हा म्हणतो' म्हटलं की गलक्यापलीकडे काही ऐकू येत नाही, हे बाईंनी मावशींना सांगितलं नाही.

मग कोर्टाचं बोलावणं आलं. एक छापखाना जळाला होता आणि बाईंचा जुना विद्यार्थी मुकुंदा बोऱ्हाडे पिंजऱ्यात उभा होता. दर प्रश्नाला खोली थोडी आखडत होती. वकिलांचे गुडघे बाईंच्या गुडघ्यांना लागले, तेव्हा वकिलांनी विचारलं, "आग कोणी लावली?"

मुकुंदानं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

बाई थबकल्या. पहिलीत त्यांनी असंच छातीवर बोट टेकवून 'मी' शिकवला होता, आणि मुकुंदाला वाटलं होतं, ही बाईंच्या नावाची खूण. किती समजावलं, तरी घाबरला की तो अजून तसंच करायचा. तो उत्तर देतच नव्हता. नुसती हाक मारत होता.

'बाई' म्हणावं, तर आग बाईंच्या नावावर. 'मी' म्हणावं, तरी तेच. 'हा म्हणतो, मी' असं म्हटलं तर मुकुंदा आत.

"लवकर, बाई. जजसाहेबांचं जेवण थांबलंय," टायपिस्ट म्हणाला.

"मी," बाई म्हणाल्या. टाइपरायटरची टकटक आणि मुकुंदाचा श्वास त्यांना स्पष्ट ऐकू आला.

शिपायानं बाईंचे हात मनगटापासून हातमोज्यांसारखे उतरवले, मुद्देमालाच्या पारदर्शक पिशवीत घातले आणि सील लावलं.

"इथं सही करा."

"कशानं?"

"मग राहू दे."

बाईंना मागच्या दारानं नेलं. साहेब वेळेवर जेवले, छापखान्याच्या मालकाला विमा मिळाला, मुकुंदा सुटला. किंमत मोजली ती टेबलावरच्या पिशवीनं. तिच्यात दोन हात काहीतरी सांगत होते, सावकाश, पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं. ते वाचू शकेल असा खोलीत एकटा मुकुंदा होता, आणि तो दाराशी पाठमोरा वाकून चपला शोधत होता.