दुसऱ्यांदा आलेला शब्द

दवाखान्यात, डोक्याला तारा चिकटवून बसवलेल्या नवऱ्यासमोर पडद्यावर ‘कंदील’ हा शब्द दुसऱ्यांदा आला आणि त्याने ‘जुना’ सोडून पुन्हा ‘नवा’चंच बटण दाबलं.

काचेअलीकडे बसलेल्या बायकोने ओठ घट्ट मिटले. निम्मं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं. कुठे टाका चुकलाय ते तिला लांबूनच कळे. आणि गेला महिनाभर तिला वाटत होतं, हा माणूस वेड घेऊन पेडगावला जातोय. सायकलवरून पडून डोक्याला मार बसल्यापासून त्याला पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नसे. पडला त्या दिवशीचं तर काहीच नाही. सोयीचं विसरणं, ती मनाशी म्हणे. एक दिवस त्या दिवशीचं सगळं बरोबर उकरून काढेल आणि माझ्या तोंडावर फेकेल.

“खोटं बोलतायत ना?” तिने शेजारी मेंदू-तपासणीचं यंत्र चालवणाऱ्या मुलीला विचारलं.

मुलीने आलेखावर बोट ठेवलं. “काकू, हा पहिला ‘कंदील’. आणि हा दुसरा. इथली लाट बघा, किती बसकी आहे. मेंदूने शब्द ओळखलाय.”

“बघा, सापडला चोर!”

“चोर कसला? मेंदूने ओळखलाय, पण त्यांना स्वतःला ते कळलेलं नाही. ते त्यांच्या परीने खरंच सांगतायत.”

बायकोला भांडायला समोर माणूसच उरला नव्हता.

“पुढच्या वेळी तुमच्या घरातले शब्द लावू या,” म्हणत मुलीने कागद पुढे केला. बायकोने पेन्सिल घेतली, एक शब्द लिहिला, गिरगटून खोडला आणि कागद पर्समध्ये कोंबला.

नवरा बाहेर येऊन बाकावर बसला. केसांतलं चिकट मलम टॉवेलने पुसत त्याने विचारलं, “काय म्हणाली ती?”

“ठीक आहे म्हणाली.” मग तिने एका दमात सांगून टाकलं, “अहो, त्या दिवशी तुम्ही सायकल काढून उगाच नव्हता निघालात. मीच म्हटलं होतं, चालते व्हा, परत तोंड दाखवू नका.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत ना राग, ना काही आठवल्याची खूण.

“असं? मला तर हे नवीनच आहे.”

तिने त्याच्या हातातून टॉवेल घेतला आणि मानेवर उतरलेला ओघळ हलकेच पुसू लागली. तो ‘नवीनच’ म्हणाला होता, पण तिच्या बोटांखाली त्याची मान दगडासारखी ताठ झाली होती.