सांजेची लिंगपूजा

निजामाच्या अमदानीतली अखेरची वर्षं. उमरग्याच्या पेठेत ईरण्णाचं भुसार मालाचं दुकान बरं चाललं होतं. पण त्याचं दुकानात लक्ष नव्हतं. त्याच्या बायकोनं, पार्वतम्मानं, रात्रीचं जेवण टाकलं होतं आणि कारण काही केल्या सांगत नव्हती.

आधी त्याला वाटलं, एखादं व्रत धरलं असेल. पण दिवेलागणीला तिच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, उंबऱ्याला ठेचा लागू लागल्या. तेव्हा त्यानं तिला डॉक्टर जलील यांच्या दवाखान्यात नेलं. नेलं तेही सकाळी, न्हाऊन, पूजा आणि न्याहारी उरकून, ती ताजीतवानी असताना. डॉक्टरांनी बत्ती मारून डोळे पाहिले, बोटं ओळखायला लावली.

"नजर तर साफ आहे, अम्मा."

"अंधुक वाटतंय," एवढंच ती म्हणाली आणि खाली बघत राहिली.

त्या रात्रीही तिचं ताट तसंच राहिलं. मग ईरण्णानं आपलंही ताट बाजूला सारलं.

"तू न्हाय, तर मी बी न्हाय."

"लहान लेकरावानी काय करता हो!"

"मग सांग की. मला न्हाय तर कुणाला सांगशील?"

तेव्हा ती रडत रडत बोलली. लिंगपूजा झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन नजर लावली की सगळं ठीक. सांजेला मात्र थोड्या वेळानं एकाची दोन लिंगं दिसायची. तिला वाटलं, आपला भावच दुभंगला. म्हणून ती पापणी न लववता आणखी टक लावून बसायची. जितकं बघावं तितकं दुसरं लिंग लांब सरकायचं. पूजा पुरी झाली असं मन म्हणेना, मग जेवणार कशी? आपलं इष्टलिंग कुणाला दाखवायचं नसतं. त्याची अशी गोष्ट परक्या डॉक्टरांपुढं काढायची तरी कशी?

दुसऱ्या दिवशी ईरण्णानं दवाखाना गाठून सगळं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले.

"सकाळी एक आणि सांजेला दोन? अरे शेटजी, मी काल वेळ विचारलीच नाही बघा. आज दिवेलागणीला मीच येतो."

ते आले आणि अंतर राखून पाटावर बसले.

"अम्मा, तुमचा देव मला बघायचा नाही. पदरानं हात झाका. मला फक्त पापण्या बघू द्या."

पार्वतम्मानं विभूती लावली, नजर लावली. हळूहळू तिच्या पापण्या उतरू लागल्या, डावी जास्तच.

"आता दोन?"

"व्हय."

"एक डोळा झाका."

"एक झालं!" ती दचकलीच.

मग डॉक्टरांनी तिला डोळे मिटून बसवलं. थोड्या विसाव्यानं पापण्या वर आल्या, पुन्हा टक लावताच खाली गेल्या. त्यांनी मान हलवली.

"डोळे हलवणाऱ्या स्नायूंना मज्जातंतूंचा हुकूम नीट पोचत नाही, अम्मा. काम पडलं की ते थकतात. दोन डोळे दोन वाटा धरतात, म्हणून दोन दिसतं. आणि तुम्ही टक लावून त्यांना आणखी दमवता."

त्यांनी पिशवीतून इंजेक्शन काढलं. ऑपरेशननंतर पोट फुगलं तर हे देतात, असं सांगितलं.

"डाक्टरसाब, डोळं वर हायत, पोट खाली हाय!" ईरण्णा घाबरून म्हणाला.

"औषधाला पत्ता मी सांगतो, शेटजी. हुकूम पोचवायचं काम ते दोन्हीकडं करतं. जरा कळ येईल पोटात."

कळ आलीच. पार्वतम्मानं ओठ आवळले, ईरण्णाचा हात धरला. आणि मग ओलं धुणं वाऱ्यानं हलकं व्हावं तशा तिच्या पापण्या सावकाश वर आल्या. तिनं पदराआड तळहाताकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"एकच हाय," ती म्हणाली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "पर औषधानं दिसलेला देव, त्यो खरा का हो, डाक्टरसाब?"

"सकाळी औषधाविना जो दिसतो, तोच हा. थकले ते स्नायू, अम्मा. तुमचा भाव थकला नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी पुढचंही लपवलं नाही. इंजेक्शनचा हा गुण काही तासांत उतरेल, हैदराबादेहून गोळ्या मागवाव्या लागतील, दुखणं मुळातून जाणार नाही. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच बोलवायचं. पूजेआधी डोळे मिटून जरा विसावा घ्यायचा.

"डोळं मिटल्यावर बी त्यो दिसतोच की," ती म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर तिनं पूजा पुरी केली. ईरण्णानं तिला उठू दिलं नाही. स्वतःच भाकरी मोडली, शेंगांची चटणी वाढली आणि तेलाची बुधली शोधू लागला. फडताळ उघडलं, कोनाडा चाचपला, चुलीमागं वाकून बघितलं.

"तुमच्या हातापाशीच हाय की," पार्वतम्मा पहिला घास घेत म्हणाली. "आता तुमचं डोळं तपासून आणते मी."