बावन्न तुकडे

काच आणि सिरॅमिकच्या पदविकेचं शेवटचं सत्र ती कारखान्यात काढत होती. काम सोपं होतं. टफन्ड काच, म्हणजे तापवून गार वाऱ्याने झटकन थंड केलेली मजबूत काच, फोडायची, तुकड्यांवर पाच सेंटिमीटरचा चौकोन ठेवायचा, आतले तुकडे मोजायचे. चाळीसच्या वर बारीक, बोथट तुकडे भरले की काच पास.

चाचणीच्या वहीत गेली सहा वर्षं प्रत्येक काचेचे बावन्नच तुकडे पडले होते. ऊन असो, थंडी असो, बावन्न. एवढी शिस्त तिच्या घरातल्या माणसांनाही नव्हती.

"पण सर, फोडायची कधी?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"फोडलेली काच कोण विकत घेतं?" चाचणी विभागाचे साहेब म्हणाले. "वरची ओळ बघ आणि लिही. आम्ही असेच शिकलो."

तीही शिकली. पाच महिन्यांत तिचं बावन्न इतकं वळणदार झालं की साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं. आज तिच्या प्रमाणपत्रावर त्यांची सही व्हायची होती. बाहेर ट्रकमध्ये लहान मुलांच्या दवाखान्यासाठी काचेची दारं चढत होती.

ती पेन उघडते तोच झाडणाऱ्या मावशी आत आल्या.

"ताई, तुमच्याकडे रोज काच फुटते म्हणे?"

"हो मावशी. वहीत आहे की."

"मग माझ्या केरात एक तुकडा कसा नाही? बिस्किटाचे कागद तेवढे निघतात. तुकडे काय डब्यात भरून घरी नेता?"

तिला हसू आलं आणि मध्येच विरलं.

"सगळेच असं करतात हो."

"मीही न झाडता सही ठोकली असती, तर तुमच्या पायात रुतलं असतं. ही दारं तर पोरं ढकलणार!"

ती उठली. ट्रकमधलं एक दार तिने उतरवून घेतलं आणि टोकदार हातोडी कडेला मारली.

चौकोनात जेमतेम सात तुकडे! हातभर लांब, सुऱ्यांसारखे! भट्टीपाशी जाऊन पाहिलं, तर तापलेल्या काचेवर गार वारा मारणारी अर्धी भोकं बुजली होती. कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब धावत आले. "वेड लागलं का? आता लिहिणार काय?"

"सात."

"मग सही विसर!"

पण तिने सात लिहिलं, आणि ट्रक थांबवायला सांगितलं.

साहेब त्या तुकड्यांकडे बघत राहिले. रागाने लाल झालेला चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"मागच्या महिन्यात," ते पुटपुटले, "आपण एका शाळेला जिन्याचे काचेचे कठडे दिलेत." मग ओरडले, "अगं, बघतेस काय! फोन नंबर काढ! आधी मुलांना खाली उतरवायला सांग!"

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर अशी एक वही असते. पुढचा आकडा लिहिण्याआधी काम खरंच करून बघा. कुणाचं तरी मूल त्या आकड्याला टेकून उभं आहे.