सर्व्हेचा दुसरा प्रश्न

वर्षालीने टॅबवरचा दुसरा प्रश्न वाचला, तशी साधनाने पिळायला घेतलेली चादर बादलीत आपटली. घरात कोणा वयस्क माणसाला लघवी आवरत नाही का, असा तो प्रश्न. मोठ्यांच्या डायपरचा सर्व्हे होता. ‘नाही’ आलं की मुलाखत तिथंच संपली. सकाळपासून अकोल्याच्या त्या गल्लीत वर्षालीच्या पाच मुलाखती अशाच बुडाल्या होत्या.

“आमच्या घरी कोणाले काई नाई,” साधना ओसरीकडे तोंड करून म्हणाली. “आमच्या घरी रोज रात्री तांब्या सांडते.”

ओसरीत बाजेवर तिचे सासरे नत्थुजी बसले होते. दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद. जे काय बोलायचं ते तिसऱ्याला सांगून. एरवी तो तिसरा म्हणजे साधनाचा नवरा शेखर, पण तो कामावर गेलेला. रोज अंथरूण ओलं, रोज तांब्यावर खापर आणि धुवायला ही. खरं सांगितलं असतं तर काय म्हाताऱ्याची जीभ झडली असती?

“पोरी, तिले सांग,” नत्थुजी वर्षालीला म्हणाले, “घर माह्या नावावर हाय. जमत नसन तर तेल्हाऱ्याले बापाच्या घरी जाय म्हना.”

साधनाचं उत्तरही वर्षालीलाच. ही चादर शेवटची धुतली, उद्यापासून ज्याचं त्यानं ओल्यात निजावं. ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती आणि ते नत्थुजींना चांगलं ठाऊक होतं.

नसती कटकट, म्हणून वर्षालीने ‘नाही’कडे बोट नेलं.

“थांब,” नत्थुजी म्हणाले. “हाव लिव.”

साधनाचा हात पाण्यातच राहिला.

ही संधी जायला नको म्हणून वर्षालीने भराभर पुढचं विचारलं. एक डायपर किती रुपयांपर्यंत घ्याल? त्यापुढे महाग वाटेल, असा आकडा सांगा. साधनाने वीस सांगितले.

“विसात गळकंच येईन,” नत्थुजी भिंतीकडे बघत खेकसले. “चाळीस लिव. फुकट धुऊ धुऊ तिले भावच नाई समजत.”

घरची खरेदी करणाऱ्याचंच उत्तर घ्यायचं, असा नियम होता. वर्षालीने साधनाकडे पाहिलं.

साधनाने हात पदराला पुसले आणि ती ओसरीकडे वळली.

“रोजचे दोन लागतीन, मामाजी,” ती म्हणाली. “चाळीसचे परवडन का?”