सीदी मबरूकचा दगड

मधल्या सुट्टीची घंटा झाली की ट्युनिशियातल्या गाबेस शहरातल्या त्या शाळेतली पोरं चेंडू सोडून फाटकाकडे धावायची. तिथे पहारेकरी बशीर काका बसलेला असायचा, हातात पांढराशुभ्र दगड घेऊन. खरचटलेल्या गुडघ्यावर त्यानं तो ओला करून फिरवला की रक्त बंद. काही बहाद्दर तर मुद्दाम भिंतीला कोपर घासून रांगेत उभे राहायचे.

"सीदी मबरूक पिराच्या डोंगरातला आहे," काका डोळे मिटून सांगायचा. "तीनदा स्वप्नात येऊन बोलावलं मला. चौथ्यांदा पीर चिडला, मग गेलो." नजराणा एकच, डब्यातला हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, लावलेला अर्धा पाव. दोन महिन्यांत काकाचं पोट चांगलंच सुटलं.

सगळ्यात खूश मुख्याध्यापक लासाद सर. रक्त थांबलं म्हणजे दुखापत नाही, दुखापत नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे पालकांना फोन नाही. जखमांची वही कोरी करकरीत. तिसरीच्या रफीका बाईंनी दोनदा विषय काढला, तर सरांनी तो हसण्यावारी नेला.

एका मंगळवारी रफीका बाईंच्या वर्गातली इल्हेम घसरगुंडीवरून डोक्यावर पडली. कपाळ फुटलं, दगड फिरला, रक्त थांबलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. पण वर्गात येऊन ती ओकली आणि बाकावर मान टाकून पेंगू लागली. तिला शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे सोपवून रफीका बाई सरांच्या खोलीत शिरल्या.

"रक्त थांबलंय ना, बाई? कशाला उगाच घरच्यांना घाबरवता?"

"बाहेरचं थांबलंय. आतलं तुम्हाला दिसतंय का, सर?" असं म्हणून बाईंनी त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला. आधी रुग्णवाहिका बोलावली, मग इल्हेमच्या बापाला कळवलं.

बाप हादी, समोरच्याच गल्लीतला न्हावी, खांद्यावर टॉवेल तसाच घेऊन धावत आला. मागोमाग त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं, गालाला फेस. घाबरू नकोस, पिराचा दगड लावलाय, असं सांगून काकानं तो दगड हादीच्या हातात ठेवला. हादीनं तो उलटा केला.

"बशीर, ही तुरटी आहे. वस्तरा लागला की मी रोज लावतो." त्यानं दगडाच्या बुडाशी अंगठा टेकवला. "आणि तुझ्या पिरानं वजनही छापलंय? पंचाहत्तर ग्रॅम."

गिऱ्हाईक इतकं हसलं की फेस काकाच्या अंगावर उडाला. रुग्णवाहिका आली तशी हादी मुलीला घेऊन गेला.

डोक्याला आतून मुका मार होता. डॉक्टरांनी दोन दिवस नजरेखाली ठेवलं आणि आठवड्यानं इल्हेम पट्टी मिरवत शाळेत आली. बाईंनी वर्गाला तुरटी दाखवली. ती कातडी आकसवते, बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं मिटवते, एवढंच. खरचटलेलं तसंही थोड्या वेळात थांबतं. डोक्यात काय झालंय, हे तुरटीला कळत नाही.

हादी लासाद सरांना भेटला तेव्हा शांत होता.

"माझं दुकान शाळेसमोर आहे, सर. दोन महिन्यांत एका जरी पोराच्या घरी फोन गेला असता, तर गोष्ट माझ्या कानावर आली असती आणि हा चमत्कार त्याच दिवशी संपला असता. दगडाला काय विचारता? पोराला विचारा कुठं दुखतंय, आणि आम्हाला त्याच मिनिटाला कळवा."

सरांनी वही उघडली आणि पहिल्या पानावर इल्हेमचं नाव लिहिलं.